पावसाळ्याआधी गावाचा साथीचा धोका कसा मोजायचा?

तेरणाकाठ (धागाकर्ता)

मे महिना आला की तालुक्याला मान्सूनपूर्व बैठक होते आणि जोखमीच्या गावांची यादी वाचली जाते. आधी साथ येऊन गेलेली गावं, टँकरवरची गावं, यात्रेची गावं, पुरात रस्ता तुटणारी गावं अशी ती यादी असते. ती हवीच. पण यादीत नाव नसलेलं गाव निवांत होतं, आणि गॅस्ट्रो यादी वाचून येत नाही. म्हणून गावातल्या चार-पाच माणसांना दोन दिवसांत स्वतःच करता येईल अशी मोजणी इथं मिळून तयार करू.

बोलायला सोपं जावं म्हणून एक गाव धरू. लोकसंख्या २,४००, घरं ४८०. त्यात १०० घरांचा एक तांडा. पाझर तलावाच्या खाली पाणीपुरवठ्याची विहीर, ५०,००० लिटरची उंच टाकी, चार व्हॉल्व्ह (एकेका व्हॉल्व्हवर गावाचा एकेक भाग), पाणी चौथ्या दिवशी. गावात तीन हापसे. तांड्याला एप्रिलपासून टँकर. निम्मा तांडा दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो आणि मार्च ते मे दरम्यान परततो.

माझ्या मते प्रश्न चारच आहेत. जंतू गावात कुठून येऊ शकतो? आल्यावर कोणत्या वाटेनं पसरेल? किती माणसं संरक्षणाशिवाय आहेत? आणि पसरायला लागल्यावर आपल्याला किती दिवसांनी कळेल? प्रत्येकाला २५ गुण, एकूण १००. साठच्या वर गेलं तर धोका मोठा. जाणकारांनी यात दुरुस्त्या सुचवाव्यात.

---

कयाधू

चारही प्रश्न बरोबर आहेत, बेरीज मात्र चुकीची आहे. तुमच्याच गावात विहीर स्वच्छ, लसीकरण चांगलं, आशा ताई दक्ष, आणि तिसऱ्या व्हॉल्व्हची पाइपलाइन नालीतून गेलेली. शंभरातले फार तर वीस गुण होतील, म्हणजे तुमच्या हिशोबानं गाव सुरक्षित. जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर त्या एका गल्लीत घरटी माणूस आजारी पडेल. साखळी सगळ्यात कच्च्या कडीवर तुटते, म्हणून बेरीज सोडून प्रत्येक वाटेतला सगळ्यात वाईट आकडा समोर ठेवा.

कार्डाचंही तसंच आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर पाण्याच्या उद्भवांचं (विहीर, हापसे वगैरे) स्वच्छता सर्वेक्षण होऊन ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. सलग पाच वर्षं हिरवं राहिलं आणि साथ आली नाही तर चंदेरी. हे कार्ड त्या दिवशीच्या पाहणीचं असतं. सर्वेक्षणानंतर महिन्याभरात गुत्तेदारानं रस्त्यासाठी खोदकाम करून पाइप फोडला, तरी भिंतीवरचं कार्ड हिरवंच राहतं.

विहिरीवर काय बघायचं: कठडा जमिनीपासून किमान ७०–७५ सेंटिमीटर, भोवती किमान एक मीटरचा सिमेंटचा ओटा, ओट्याला बाहेरचा उतार आणि सांडपाणी लांब नेणारी नाली. संडासाचा शोषखड्डा, उकिरडा, गोठा १५ मीटरच्या आत नको. ही १५ मीटरची मर्यादा मुरमाड-मातीच्या जमिनीसाठी ठीक आहे. आपल्याकडं काळ्या मातीखाली भेगाळलेला बेसॉल्ट असतो. भेगेतून पाणी गाळलं न जाता सरळ धावतं, म्हणून विहिरीच्या वरच्या अंगाला शोषखड्डा असेल तर १५ मीटरवरही समाधान मानू नका. हापशाचा ओटा तडकलेला असेल किंवा पाणी यायला वरून पाणी ओतावं लागत असेल, तर तो हापसा धोक्याचा.

विहिरीपेक्षा जास्त वेळ पाइपलाइनला द्या. चौथ्या दिवशी पाणी येतं म्हणजे मधले तीन दिवस पाइप रिकामा आणि दाबाविना पडलेला असतो. सांध्याला गळती असेल तर पाणी चालू असताना बाहेर जातं आणि बंद असताना नालीचं पाणी तिथूनच आत येतं. घरोघरी नळाला थेट मोटार लावली की चालू पुरवठ्यातही ओढ निर्माण होते आणि गळतीतून घाण आत खेचली जाते. दाब कमी म्हणून लोक नळ खाली घेत घेत खड्ड्यात नेतात. त्या खड्ड्यात सांडपाणी साचतं आणि पाणी बंद झालं की तोटी ते परत ओढून घेते. व्हॉल्व्हचे चेंबर उघडून बघा. चेंबरमध्ये काळं पाणी असेल तर पुढची तपासणी होईपर्यंत तो व्हॉल्व्ह लाल धरा.

---

सिंदफणा

कयाधू यांच्या मुद्द्याला जोडून ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणीचं सांगते. पाण्यात क्लोरीन असेल तर ओटीचे थेंब टाकल्यावर ते पिवळं होतं. ती बहुतेक ठिकाणी टाकीखालच्या नळाला होते, कारण तिथं जाणं सोयीचं असतं. तिथं पिवळा रंग येणारच. खरी चाचणी प्रत्येक व्हॉल्व्हच्या शेवटच्या घरी करायची, दोनदा. एकदा पाणी आल्यावर पहिल्या पाच मिनिटांत, दुसऱ्यांदा वीस मिनिटांनी. पहिल्या पाण्यात रंग नाही आणि दुसऱ्यात आहे, म्हणजे बंद काळात पाइपात काहीतरी शिरतंय. दोन्ही वेळा नाही, म्हणजे एकतर टाकीतच मात्रा कमी आहे किंवा वाटेत क्लोरीन खाऊन टाकणारी घाण आहे.

रंग लगेच, दहाएक सेकंदांत बघायचा. नंतर हळूहळू गडद होणारा रंग संयुक्त क्लोरीनचा असतो, जंतू मारायला तो फारसा कामाचा नाही. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन हवा, साथीच्या दिवसांत ०.५ ठेवा. ओटीचं रसायन विषारी आहे. तपासलेलं पाणी घागरीत परत ओतू नये, बाटली लेकरांच्या हाती लागू देऊ नये.

काळी पडणारी बाटलीही वापरा. त्यात पाणी भरून उबदार जागी ठेवलं आणि २४ ते ४८ तासांत काळं झालं तर विष्ठेचं दूषण आहे असं धरायचं. बाटली काळी पडली नाही म्हणून कावीळ होणार नाही अशी खात्री मिळत नाही. ती जिवाणूंची खूण दाखवते. विषाणू जास्त चिवट असतात.

---

मन्याड_काठ

ग्रामपंचायत सदस्य म्हणून विचारतो. आमच्याकडं पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) 'अंदाजे दोन डबे' टाकतात. नेमका हिशोब कुणी सांगेल का?

---

सिंदफणा

@मन्याड_काठ, दादा, सोपं आहे. विहिरीत पाणी किती ते असं मोजायचं: तिच्या व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले ०.७८५, सगळं मीटरमध्ये. उत्तर घनमीटरमध्ये येतं, त्याला हजारानं गुणलं की लिटर.

वरच्या गावात विहिरीचा व्यास ४ मीटर धरू. दोरीला दगड बांधून मोजलं तर समजा पाणी ३ मीटर आहे. ४ × ४ × ३ × ०.७८५ = ३७.६८ घनमीटर, म्हणजे ३७,७०० लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅम धरून साधारण १९० ग्रॅम. ५०,००० लिटरच्या टाकीला २५० ग्रॅम. पाण्याची खोली दर आठवड्याला बदलते, त्यामुळं मेमधला हिशोब ऑगस्टमध्ये चालत नाही.

हे ५ ग्रॅम ताज्या पावडरीचे आहेत, ज्यात ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असतो. पोतं उघडं राहिलं, ओल लागली, पत्र्याच्या खोलीत तापलं की ताकद उतरते. २० टक्क्यांवर आलेल्या पावडरीचे ५ × ३३ ÷ २० म्हणजे सव्वाआठ ग्रॅम लागतात, आणि त्याच विहिरीला १९० ऐवजी ३१० ग्रॅम. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरूच नका. पोत्यातला थोडा नमुना प्रयोगशाळेत पाठवून टक्केवारी काढून घेता येते. साठा हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात, अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवा. मोटारीच्या स्टार्टरजवळ ठेवलात तर स्टार्टरही गंजेल.

पावडर कोरडी फेकायची नाही. एका बादलीत १०० ग्रॅमच्या वर घेऊ नका, म्हणजे १९० ग्रॅमला दोन बादल्या. थोड्या पाण्यात पातळ पेस्ट करून गुठळ्या मोडायच्या, बादली पाऊण भरायची, ढवळून ५ ते १० मिनिटं निवळू द्यायची. वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोरीनं विहिरीत पाण्याखाली सोडायची आणि खालीवर हलवायची. तळाचा चुना बाहेर टाकायचा. तो विहिरीत गेला तर पाणी जड होतं. त्यानंतर एक तास पाणी उपसायचं नाही. सकाळी सहाला टीसीएल टाकून सव्वासहाला व्हॉल्व्ह उघडला तर पावडर वाया गेली आणि वहीत मात्र नोंद झाली.

पहिल्या पावसानंतर पाणी गढूळ होतं. गाळ आणि पालापाचोळा क्लोरीन खातो, त्यामुळं तीच मात्रा पुरत नाही. त्या दिवसात हिशोबाची मात्रा टाकून तासाभरानं ओटी बघा. रंग नसेल तर निम्मी मात्रा आणखी टाका, परत एक तास थांबा, परत बघा. पुस्तकी मात्रेवर अडून बसू नका, रंग येईपर्यंत काम संपलेलं नसतं.

---

बालाघाटचा

टँकरबद्दल. बारा हजार लिटरच्या टँकरला ६० ग्रॅम, हे सगळ्यांना पाठ असतं. ते भरताना टाकलं तर प्रवासात नीट मिसळतं आणि संपर्कवेळही मिळतो. पण तांड्यावर टँकर बहुतेक वेळा कोरड्या आडात रिकामा करतात, कारण साठवायला टाकी नसते. आडाच्या तळाला गाळ, कबुतरांची विष्ठा, पडलेल्या दोऱ्या. टँकरमधला क्लोरीन तिथं काही मिनिटांत संपतो. मग पन्नास घरांच्या पन्नास बादल्या त्यात उतरतात. प्रत्येक बादली आधी कुणाच्या अंगणात टेकलेली असते, प्रत्येक दोरी मातीतून ओढलेली असते.

म्हणून 'टँकरला टीसीएल टाकलं का' एवढं विचारून भागत नाही. विचारायचं असं: टँकर कुठल्या उद्भवावर भरला, कुठं ओतला, आणि ओतल्यानंतर तासाभरानं तिथल्या पाण्यात क्लोरीन आहे का. प्लास्टिकची पाच हजार लिटरची टाकी आणि खाली चार तोट्या, एवढं केलं तर तांड्याचा धोका एका दिवसात उतरतो. तोपर्यंत आड गाळ काढून धुवून घ्यायचा, एकच सामायिक बादली आणि दोरी ठेवायची, आणि घरोघरी मेडिक्लोर (क्लोरीनचं द्रावण) किंवा क्लोरीनच्या गोळ्या द्यायच्या. गोळी किती लिटरची आहे ते पाकिटावर वाचून घ्या. वीस लिटरची गोळी दहा लिटरच्या घागरीत टाकली की पाणी उग्र लागतं, आणि मग घरची बाई ती परत कधीच वापरत नाही.

लग्नसराईतल्या थंड जारकडंही लक्ष असू द्या. लोकांना ते सगळ्यात शुद्ध वाटतं. गाळणीतून गेलेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, त्यामुळं जार धुतलेला नसेल किंवा भरताना हात लागला तर पुढं त्याला वाचवणारं काहीच नसतं.

---

लेंडी_खोरे

पाण्याची दुसरी बाजू साठवण. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा टंचाईत जो तो घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवणार, आणि त्याला दोष देता येत नाही. पण डेंगीचा डास त्याच भांड्यात वाढतो. तेरणाकाठ यांच्या कागदात डासांचा रकानाच नाही.

मोजणी अशी करा. गावात विखुरलेली १०० घरं घ्या, सरपंचाच्या गल्लीतली सलग नकोत. प्रत्येक घरातलं पाणी असलेलं प्रत्येक भांडं बॅटरीच्या उजेडात बघा: रांजण, सिमेंटचा हौद, ड्रम, कुलरची टाकी, फ्रीजमागचा ट्रे, जनावरांची दावण, छतावरचे टायर. समजा १४ घरांत अळी सापडली, तर हाऊस इंडेक्स १४. एकूण ४२० भांडी पाहिली आणि २१ मध्ये अळी होती, तर कंटेनर इंडेक्स ५. शंभर घरांमागं २१ भांडी, म्हणून ब्रेटो इंडेक्स २१. हाऊस इंडेक्स १० च्या वर किंवा ब्रेटो ५० च्या वर गेला तर स्थिती धोक्याची धरतात. इथं पहिला ओलांडलाय, दुसरा नाही. म्हणजे अळी थोड्याथोडक्या भांड्यांत आहे, पण बऱ्याच घरांत पसरलेली आहे. अशा वेळी कोणत्या प्रकारच्या भांड्यात सापडली ते बघा. २१ पैकी १५ जर सिमेंटचे हौद असतील तर मोहीम हौदांचीच काढा, टायर गोळा करत बसू नका.

कोरडा दिवस (आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करायचा दिवस) पाळूनही अळी का उरते, हे नीट समजून घ्या. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळी हवेत साधारण ७ ते १० दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा भांडं रिकामं करायचं. पण अंडी पाण्याच्या रेषेच्या वर भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरड्यात महिनोन्‌महिने टिकतात. हौद नुसता रिकामा करून भरला की तीच अंडी फुटतात. काथ्यानं किंवा ब्रशनं कडा घासून काढल्याशिवाय तो दिवस पाळला असं होत नाही. जिथं पाणी आठव्या-दहाव्या दिवशी येतं तिथं भरलेला हौद ओतून द्या म्हणणं अन्याय आहे. तिथं घट्ट कापड बांधा, कापडाला पाण्यात लोंबू देऊ नका, आणि मोठ्या हौदात गप्पी मासे सोडा.

---

पूर्णा_पैलतीर

लसीकरणाच्या रकान्यात 'टक्केवारी ९०' असं लिहून थांबू नका. गोवरासाठी टक्केवारीपेक्षा उरलेली मुलं मोजा.

वरच्या गावात वर्षाला ४० जन्म धरू. गोवर-रुबेलाचा पहिला डोस (९ ते १२ महिने) ३६ मुलांना मिळाला. नऊ महिन्यांना दिलेला डोस साधारण ८५ टक्के मुलांना संरक्षण देतो, म्हणजे ३१ मुलं सुरक्षित, ९ उघडी. दुसरा डोस (१६ ते २४ महिने) ३२ मुलांना मिळाला, तर त्या नवातली चार-साडेचार आणखी सुटतात. दर वर्षी जवळपास ५ मुलं उघडी उरतात. अशी साचत साचत ती एका वर्षाच्या जन्माएवढी, म्हणजे ४० झाली की उद्रेकाला पुरेसं इंधन जमलं असं मानतात. या वेगानं त्याला आठ वर्षं लागतील. दुसरा डोस दिलाच नाही तर चार वर्षं.

आता तांडा वेगळा काढा. वर्षाला १० जन्म, पहिला डोस ७ मुलांना, दुसरा फक्त ३ जणांना, कारण त्या वयात लेकरू आई-बापाबरोबर कारखान्याच्या फडात कोपीत असतं. दर वर्षी साडेतीनच्या वर मुलं उघडी, आणि १० चा आकडा तीन वर्षांच्या आतच गाठला. गावाची ९० टक्के सरासरी ही गोष्ट पूर्ण झाकून टाकते. गोवर मात्र नेमका तिथंच पेटतो. पंचाण्णव टक्के दोन्ही डोस हे लक्ष्य गावाला नाही, प्रत्येक वाडी-तांड्याला लावा.

ऊसतोडीची टोळी परतली की पहिल्या आठवड्यात तिच्या मुकादमाकडून कुटुंबांची यादी घ्या आणि पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाचं कार्ड बघा. कार्ड हरवलं असेल आणि आईला खात्री नसेल, तर डोस झाला नाही असं धरून आरोग्य सेविकेला कळवा. जादा डोसानं नुकसान नाही, राहिलेल्या डोसानं आहे. त्याच भेटीत विचारा: फडात कुणाला जुलाब, कावीळ, लांबलेला ताप? टायफॉईड शरीरात ६ ते ३० दिवस लपून राहतो, ई प्रकारची कावीळ २ ते ९ आठवडे. कारखान्यावर प्यालेल्या कालव्याच्या पाण्याचा आजार गावात येऊन दिसू शकतो. गरोदर बाई असेल तर कावीळ कधीही घरी थांबवू नका. शेवटच्या तिमाहीत ई काविळीनं जीव जाण्याचं प्रमाण फार मोठं आहे.

---

मन्याड_काठ

महाशिवरात्रीला, नवरात्रात भगर खाऊन एकदम पन्नास जणांना उलट्या होतात. ते यात धरायचं का?

---

कयाधू

धोक्यात धरा, साथरोगाच्या वाटेत धरू नका. भगरीच्या पिठाला बुरशी लागून विष तयार होतं. खाल्ल्यावर काही तासांत चक्कर, मळमळ, उलट्या सुरू होतात आणि ते माणसाकडून माणसाला लागत नाही. ओळखायची खूण म्हणजे सगळे आजारी एकाच दिवशी आणि त्यांनी एकच पदार्थ खाल्लेला. उपवासाच्या आठवडाभर आधी दवंडी द्या: सुटं पीठ नको, पाकिटबंद भगर तारीख बघून घ्या, धुवून वाळवून घरीच दळा. उरलेलं पीठ फेकू नका, अन्न निरीक्षकाला नमुना लागतो.

---

हरिश्चंद्र_डोंगर

चौथा प्रश्न, कळायला किती उशीर, हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. यावर सविस्तर.

एकात्मिक रोग सर्वेक्षणात इशाऱ्याच्या पातळ्या ठरलेल्या आहेत. गावकऱ्यांनी त्या पाठ कराव्यात. जुलाबासाठी: एका आठवड्यात हजार लोकसंख्येमागं दहापेक्षा जास्त घरांत रुग्ण, किंवा पाच वर्षांवरच्या एकाही माणसाला जुलाबानं तीव्र शुष्कता वा मृत्यू, किंवा पटकीचा एक रुग्ण. टायफॉईडचे एका गावात दोनपेक्षा जास्त रुग्ण. डेंगीसारख्या तापाचे एका गावात दोन रुग्ण. मोठ्या माणसाला जुलाबानं सलाईन लावावी लागली, ही एकच बातमी पुरेशी आहे. लहान मुलांना जुलाब नेहमीच होतात, धडधाकट गड्याला तासाभरात गळून टाकणारा जुलाब नेहमीचा नसतो.

अडचण अशी की या बातम्या सरकारी नोंदीपर्यंत उशिरा पोचतात. पहिले चार-पाच रुग्ण गावातल्या किंवा बाजारच्या गावच्या खाजगी डॉक्टरकडं जातात, दोन जण मेडिकलवरून गोळ्या घेतात, एक जण शेतात झोपून राहतो. आरोग्य उपकेंद्राच्या वहीत तोवर काहीच नसतं. म्हणून गावानं चार ठिकाणं रोज विचारायची ठेवा: खाजगी डॉक्टर (आज जुलाबाचे किती, मोठ्या माणसांना सलाईन किती), मेडिकल (ओआरएस आणि जुलाबाच्या गोळ्यांची विक्री), शाळा (एकाच गल्लीतली गैरहजेरी), आणि अंगणवाडी. प्रश्न नावाचा नको, आकड्याचा विचारा. नाव विचारलं की डॉक्टर आणि दुकानदार बिचकतात.

आता मोजा: पहिला रुग्ण आजारी पडल्यापासून प्राथमिक आरोग्य केंद्राला निरोप जाईपर्यंत किती दिवस गेले असते? पटकी काही तासांपासून पाच दिवसांत उगवते. चार दिवस उशीर झाला तर दुसरी फळी आजारी पडून झालेली असते. एक दिवसाच्या आत कळतं ते हिरवं, दोन ते तीन दिवस पिवळं, त्यापुढं लाल.

इशारा मिळाल्यावर पहिल्या सहा तासांत यादी आणि नकाशा करा. यादीत वय, घर, आजाराची तारीख आणि वेळ, पिण्याचं पाणी कुठलं, मागच्या तीन दिवसांत कुठल्या पंगतीला. नकाशा हातानं काढला तरी चालतो, व्हॉल्व्ह आणि पाइपची रेघ मात्र त्यात हवी. मग घरं मोजा. तिसऱ्या व्हॉल्व्हवरच्या ८० घरांपैकी २४ घरांत रुग्ण, म्हणजे ३० टक्के. बाकीच्या तीन व्हॉल्व्हवरच्या ३०० घरांपैकी १५, म्हणजे ५ टक्के. सहापट फरक. विहिरीवर वेळ घालवू नका, तिसरा व्हॉल्व्ह बंद करा, त्या घरांना टँकर द्या आणि पाइप शोधा.

ओआरएसचं पाकीट एक लिटरचं असेल तर एक लिटरमध्येच, अर्धं-अर्धं नाही, आणि २४ तासांनी उरलेलं ओतून द्या. सहा महिन्यांवरच्या मुलाला झिंक २० मिलिग्रॅम रोज, १४ दिवस, जुलाब थांबले तरी.

---

बालाघाटचा

उशिराच्या मुद्द्यावर मराठवाड्याचं उदाहरण द्यायलाच हवं. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण सापडले. त्याआधी गावात उंदीर मरत होते आणि पिसवांचा त्रास वाढल्याची तक्रार होती. वर्षभरापूर्वीच, ३० सप्टेंबर १९९३ ला, किल्लारीचा भूकंप झाला होता. सोडलेली घरं आणि त्यात साठलेलं धान्य यामुळं उंदीर वाढले, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. माणूस आजारी पडण्याच्या कितीतरी आधी जनावरांनी बातमी दिली होती.

म्हणून कागदात एक ओळ घाला: उंदीर, डुकरं, कोंबड्या, माकडं विनाकारण मरताहेत का? उंदीर पटापट मरताना दिसले तर त्यांना मारायचं औषध लगेच टाकू नका. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा माणसाकडं वळतात. आधी पिसवांसाठी फवारणी, मग उंदीर. मेलेला उंदीर हातात धरू नका, आरोग्य केंद्राला कळवा.

---

तेरणाकाठ

बेरीज काढून टाकली. सुधारलेला कागद असा. आडव्या रकान्यात सहा वस्त्या: पहिला, दुसरा, तिसरा, चौथा व्हॉल्व्ह, तांडा, शेतवस्ती. गावाची सरासरी नाहीच. उभ्या ओळी: शेवटच्या नळाचा क्लोरीन (पहिलं आणि नंतरचं पाणी), गळती व चेंबर, उद्भव वा आड, हाऊस इंडेक्स, गोवर-रुबेलाचे दोन डोस पूर्ण न झालेली मुलं (टक्के नाही, संख्या), बाहेरून परतलेली कुटुंबं, जनावरांची मर, आणि कळायला लागणारे दिवस. प्रत्येक चौकोनात लाल, पिवळा, हिरवा. वस्तीचा रंग म्हणजे तिच्या रकान्यातला सगळ्यात वाईट रंग.

यात्रेचं काय करायचं? माळेगाव, पैठणची नाथषष्ठी, तुळजापूरचं नवरात्र यांच्या वाटेवरच्या गावांत एका मुक्कामापुरती लोकसंख्या दुप्पट-तिप्पट होते.

---

सिंदफणा

यात्रेच्या किंवा दिंडीच्या मुक्कामाच्या गावासाठी कागद मुक्कामाच्या आठ दिवस आधी नव्यानं भरा, कारण मे महिन्याचे रंग तिथं लागू होत नाहीत. मुक्कामाच्या जागेला सातवी वस्ती धरा. आपत्तीतल्या छावण्यांसाठी माणशी दिवसाला १५ लिटर पाणी, २५० माणसांमागं एक नळ आणि सुरुवातीला ५० माणसांमागं एक संडास असा किमान निकष वापरतात. तोच लावून किती कमी पडतंय ते काढा. मुक्काम उठल्यानंतर पाच दिवस चार ठिकाणची विचारपूस दिवसातून दोनदा करा.

कागद आठवड्याला एकदा, पाणी सुटेल त्या दिवशी भरायचा. पहिला मोठा पाऊस, पाइप फुटणं, मोटार जळून टँकर लागणं किंवा टोळी परतणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी परत.

---

दुधना

उशिरा आलो, पण एक गोष्ट राहिली. साथीचा संशय आला की जलसुरक्षक पहिल्यांदा विहिरीत आणि टाकीत टीसीएल टाकतो आणि मग पाण्याचा नमुना घेतला जातो. तो नमुना चांगलाच येतो आणि अहवालात 'पाणी पिण्यास योग्य' असं लिहून येतं. आधी नमुना, मग टीसीएल. त्याला दहा मिनिटंही लागत नाहीत. क्लोरीन असलेल्या नळाचा नमुना घ्यायचा असेल तर सोडियम थायोसल्फेट घातलेली निर्जंतुक बाटली आरोग्य केंद्रातून घ्या. ते क्लोरीनला तिथल्या तिथं थांबवतं, नाहीतर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत जंतू बाटलीतच मरतात. ती बाटली आतून विसळायची नाही, विसळली की औषध धुवून गेलं. भरल्यावर वर थोडी जागा सोडा, बर्फाच्या डब्यात ठेवा आणि त्याच दिवशी पाठवा.

रुग्णाच्या शौचाच्या नमुन्याचंही तेच. प्रतिजैविकाची पहिली गोळी देण्याआधी घ्यायचा. दोन-तीन ताज्या रुग्णांचे नमुने पुरतात, सगळ्यांचे लागत नाहीत. त्यासाठी कॅरी-ब्लेअर माध्यमाच्या नळ्या (यात नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेपर्यंत जिवंत राहतात) उपकेंद्रात आहेत का आणि त्यांची मुदत संपली नाही ना, हे मे महिन्यातच बघून ठेवा. तेरणाकाठ, कागदाच्या मागच्या बाजूला या दोन ओळी छापता येतील का?